टपकतं खाली, गळतं वर: जुन्या ट्रकचं पॉवर स्टिअरिंग ऑइल

लासलगावच्या आवारातून कांदा भरलेला ट्रक मागे-पुढे करत बाहेर काढायचा, तर गाडी जवळजवळ उभीच असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमवावं लागतं. पॉवर स्टिअरिंगच्या सीलांवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांवर, सगळ्यांत जास्त भार येतो तो अशा वेळी. कसारा घाटात तेवढा येत नाही, कारण तिथे चाकं रस्त्यावर फिरत असतात आणि वळायला हलकी जातात. म्हणून पंधरा-वीस वर्षं चाललेल्या ट्रकची गळती बहुधा हंगामातच डोकं वर काढते, आणि हंगामात गाडी उभी करायला कोणी तयार नसतं. मग उजव्या पुढच्या चाकामागे तळहाताएवढा डाग बघून एका वाक्यात निदान होतं: "ड्रॉप आर्मचं सील गेलं." सील बदललं जातं, आणि दोन आठवड्यांनी डाग पुन्हा तिथेच.

ड्रॉप आर्म, म्हणजे स्टिअरिंग बॉक्समधून खाली येऊन चाकांना वळवणारा दांडा, हा त्या सगळ्या मांडणीतला सर्वांत खालचा भाग. ऑइलच्या डब्याच्या झाकणातून, तेल परत आणणाऱ्या रिटर्न पाइपच्या क्लिपखालून, दाबाचं तेल नेणाऱ्या प्रेशर पाइपच्या बँजोतून (पोकळ बोल्टच्या जोडातून) किंवा बॉक्सच्या वरच्या सीलमधून, तेल कुठूनही निघालं तरी बॉक्सच्या अंगावरून ओघळत शेवटी ड्रॉप आर्मच्या टोकाला येऊनच टपकतं. चालत्या गाडीत वारा त्याला मागेही ढकलतो. थेंब कुठे पडतो याला फार किंमत देऊ नये. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओली जागा कोणती, ते शोधायचं.

इथे बोलतोय ते वेगळा ऑइलचा डबा, इंजिनवर चालणारा पंप आणि चेसिसला बसवलेला बॉक्स अशी रचना असलेल्या ट्रकांबद्दल. टाटा, लेलँड, आयशरच्या पॉवर स्टिअरिंगवाल्या बहुतेक जुन्या गाड्या यात येतात.

आधी ते तेल स्टिअरिंगचंच आहे ना, हे ठरवा. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आणि पॉवर स्टिअरिंगमध्येही वापरलं जाणारं तेल, नवं असताना लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं, तापून गेलं असेल तर करपट वास येतो. इंजिन ऑइल काळं. क्लचचं तेल म्हणजे ब्रेक ऑइलच, ते पाण्याने धुतलं जातं आणि ज्यावर पडेल तिथला रंग उचलतं. रात्री बॉक्सखाली पांढरा पुठ्ठा टाकून ठेवला की सकाळी रंग नीट दिसतो. अडचण अशी, की काही मॉडेलांना कंपनीच स्टिअरिंगमध्ये इंजिन ऑइल सांगते, आणि काही गाड्यांत मधल्या काळात कोणीतरी तेच ओतून ठेवलेलं असतं. तिथे रंगावर भरवसा ठेवता येत नाही. मग डब्याची पातळी हाच पुरावा: मार्कर पेनने रेघ मारा, मापाच्या बाटलीतूनच तेल घाला, आणि किती किलोमीटरला किती मिलिलिटर लागलं ते डायरीत लिहा. "रोज थोडं टाकतो" या वाक्यातून काहीच कळत नाही.

पातळी बघण्याचीही रीत आहे. इंजिन चालू, चाकं सरळ, तेव्हा डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये तेल हवं. इंजिन बंद केल्यावर पातळी एक-दोन सेंटिमीटर वर येते, ते चालतं. त्याहून जास्त उसळली तर सिस्टिममध्ये हवा आहे. हवा दाबली जाते, इंजिन बंद झालं की फुगते आणि तेलाला वर ढकलते. अशा गाडीत झाकणाभोवती दिसणारं तेल हे बऱ्याचदा गळतीचं नसून फेसाचं असतं.

डबा रिकामा होतोय, पण पुठ्ठा कोरडा आणि बॉक्सही कोरडा, असं दिसलं तर चक्रावून जाऊ नका. बऱ्याच ट्रकांत पंप पट्ट्यावर चालत नाही, इंजिनच्या गिअरवर किंवा कॉम्प्रेसरच्या मागे बसवलेला असतो. त्याच्या शाफ्टचं सील गेलं की तेल बाहेर न येता थेट इंजिनमध्ये जातं. इंजिनची डिपस्टिक काढा. न भरता पातळी वाढलेली दिसली आणि ऑइल पातळ लागलं, तर गुन्हेगार सापडला. पातळी डिझेल शिरल्यानेही वाढते, म्हणून वास घेऊन बघा आणि डब्यातली घट त्याच्याशी ताडून पाहा. हा दोष अंगावर काढायचा नाही, कारण पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं जातात आणि हजारांचं काम लाखांवर जातं. पंपाचं सील बदलल्यावर इंजिन ऑइलही बदलायचं, ते तसंच ठेवायचं नाही.

बाकी गळतीसाठी पहिलं काम धुण्याचं. ब्रश आणि डिझेल किंवा रॉकेल घेऊन डबा, दोन्ही पाइप, पंप, बॉक्स आणि ड्रॉप आर्म चकचकीत करा. पाण्याचा प्रेशर मारायचाच असेल तर डब्याच्या झाकणावर आणि सीलच्या तोंडावर थेट नको. झाकणाच्या श्वासछिद्रातून पाणी आत गेलं तर तेलाचं ताक होतं. नंतर कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडं करा. जोडांच्या कोपऱ्यात अडकलेलं जुनं तेल दहा मिनिटांनी पुन्हा उतरतं, म्हणून एकदा पुसून थांबा, पुन्हा पुसा. मग साधी टाल्कम पावडर कापडात बांधून सगळीकडे झटका. पांढऱ्यावर ओल लगेच दिसते आणि ओघळ कुठून सुरू झाला त्याची रेघच उमटते. ही तपासणी कोरड्या जागी करायची. इगतपुरीच्या पावसातून आलेल्या गाडीवर काही शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

आता एकाने केबिनमध्ये बसायचं, दुसऱ्याने बॅटरी घेऊन बाजूला. चाकांना ओट (अडसर) लावलेले, हँडब्रेक ओढलेला. चाक आणि चेसिसच्या मध्ये हात किंवा डोकं घालायचं नाही, कारण स्टिअरिंग फिरलं की ती फट मिटते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: प्रेशर पाइपवर बोट फिरवून गळती चाचपायची नाही. मोठ्या ट्रकच्या पंपाचा कमाल दाब साधारण १०० ते १५० बारपर्यंत असतो, आणि सुईएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडीत शिरते. बाहेरून टोचल्यासारखं दिसतं, आत बोट सडतं. तसं झालं तर मलम न लावता तडक हॉस्पिटल. तपासायला पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

तेल केव्हा दिसतं यावरून अर्धं निदान होतं. आयडलवर (रेस न देता) चाकं सरळ असताना कोरडं, आणि स्टिअरिंग टोकाला नेलं की ओल, तर दोष दाबाच्या बाजूला: प्रेशर पाइप, त्याचे बँजो, बॉक्सची सीलं. टोकाला धरून ठेवायचं ते पाच सेकंदांच्या आत सोडायचं, कारण तिथे पंपाचं सगळं तेल जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ वाल्वमधून फिरतं आणि भराभर तापतं. आयडलवरच सारखी ओल येत असेल तर रिटर्न पाइप बघा. चालू गाडीत काही नाही आणि रात्रभर उभी राहिली की डाग, तर डब्यापासून पंपापर्यंतचा सक्शन पाइप. हा पाइप फसवतो. इंजिन चालू असताना तो तेल बाहेर टाकत नाही, उलट हवा आत ओढतो. म्हणून पंप कण्हतो, डब्यात फेस येतो आणि मालक नवा पंप घेऊन येतो. क्लिप आणि हातभर पाइप बदलून भागलं असतं.

आणखी एक खूण. बऱ्याच बॉक्समध्ये ड्रॉप आर्मच्या शाफ्टचा, म्हणजे सेक्टर शाफ्टचा कप्पा हा पिस्टनच्या एका बाजूच्या दाबाशी जोडलेला असतो. म्हणून ते सील खरंच गेलं असेल तर गळती एका दिशेला वळवताना जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी दिसते. दोन्हीकडे सारखीच असेल तर नजर पुन्हा वर न्या.

सोप्या जागा पटकन उरकू. डब्याच्या झाकणाचं रबर चपटं झालं असेल तर नवं घ्या, आणि श्वासछिद्र खिळ्याने नव्हे, हवेने मोकळं करा. रिटर्न आणि सक्शन पाइप ऑइल सहन करणारेच हवेत. रेडिएटरचा पाण्याचा पाइप मापाला बसतो म्हणून लावला, तर तो तेलाने फुगतो आणि महिन्याभरात क्लिपखालून सटकतो. पाइप चांगला असून फक्त टोक कडक झालं असेल आणि लांबी पुरत असेल, तर दोन सेंटिमीटर कापून पुन्हा चढवता येतो. बँजो बोल्टला डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे दोन कॉपर वॉशर लागतात. एकदा दाबलेला वॉशर कडक होतो, म्हणून नवेच वापरा. अडलंच तर जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून गार केला की तांबं पुन्हा मऊ होतं. पण त्यावर ओरखडा असेल तर ते सगळं फुकट. वॉशरची बैठक पुसून बघा आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. गळतोय म्हणून लांब पाना लावून ओढला की पोकळ बोल्टची मान तुटते.

प्रेशर पाइपच्या क्रिम्पमधून, म्हणजे टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या जोडातून, पाझर येत असेल तर त्याला इलाज नाही. वरून क्लिप, एमसील, ट्यूब गुंडाळणं हे सगळं काही दिवसांचं नाटक. नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीत हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं आहेत. जुना पाइप सोबत घेऊन जा. आतला व्यास, लांबी, दोन्ही टोकांचे आटे आणि टोकांचा एकमेकांशी असलेला कोन, हे चारही जुळायला हवेत. कोन चुकला की पाइप पिळून बसवावा लागतो आणि पिळलेला होज लवकर फुटतो. एका जाळीच्या होजऐवजी तारेच्या दोन जाळ्यांचा मागा. दाब आला की होज लांबीला थोडा आखडतो, म्हणून ताणून बसवायचा नाही. सायलेन्सरपासून लांब आणि चेसिसला घासणार नाही असा बांधा. बनवून आणलेल्या पाइपात कापताना पडलेला रबराचा आणि तारेचा चुरा असतो. हवा मारल्याशिवाय बसवला तर तो चुरा सरळ बॉक्सच्या वाल्वमध्ये जातो.

एवढं सगळं तपासून पावडर खालच्या सीलपाशीच ओली झाली, तर मग ड्रॉप आर्म काढा. पण काढण्याआधी शाफ्ट हलवून बघा. एकाने उभ्या गाडीत स्टिअरिंग डावं-उजवं थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने शाफ्ट जिथे बॉक्समधून बाहेर येतो तिथे बोट टेकवायचं. शाफ्ट स्वतःभोवती फिरायला हवा. बाजूला सरकताना जाणवला तर आतलं बुश किंवा बेअरिंग झिजलं आहे. अशा शाफ्टवर जगातलं कुठलंही सील टिकत नाही, कारण त्याचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. मग बॉक्स उतरवून पूर्ण ओव्हरहॉल हाच मार्ग, आणि तो स्टिअरिंग बॉक्सचंच काम करणाऱ्याकडे, टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणी. आतल्या गोळ्यांचा नट आणि वाल्वची जुळणी आडगाव नाक्याच्या रस्त्याकडेला ताडपत्री अंथरून करण्याजोगी नाही.

शाफ्ट घट्ट असेल तर काम जागेवर होतं. चाकं सरळ करा. आर्म आणि शाफ्टवर जुळणीची खूण असते; दिसत नसेल तर पंचने ठोका, कारण एक दात चुकला तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळणार नाही. आदल्या संध्याकाळी नटावर आणि दातांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. लॉक पट्टी सरळ करून नट काढा आणि आर्म ओढून काढणारा पुलर लावा. इथे हातोड्याचा मोह आवरा. शाफ्टवर बसलेला घाव आतल्या गोळ्यांच्या ट्रॅकवर खळगे पाडतो, आणि गॅसने तापवलं तर आर्मच्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. पुलर ताणून अर्धा तास सोडला की बहुतेक आर्म आपणहून 'टक' करून सुटतात.

डस्ट कव्हर, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग), आधाराची रिंग, मग सील, असा क्रम साधारण असतो. प्रत्येक रिंग कुठल्या बाजूने बसली होती याचा फोटो काढा. सील उचकटताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक शाफ्टला लागू देऊ नका. आता शाफ्टवर जिथे सीलचा ओठ घासत होता तिथून नख फिरवा. नख अडकलं तर खोबण पडली आहे किंवा गंजाने खड्डे झालेत. डस्ट कव्हर फाटलेलं असतं तेव्हा निफाडकडचा काळा चिखल तिथे बसतो, वाळतो आणि ओठाखाली एमरीसारखं काम करतो, म्हणून खोबण बहुधा फाटक्या कव्हरमागेच सापडते. बारीक खडबडीतपणा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, गोल दिशेने घासा. लांबीच्या दिशेने घासलं तर प्रत्येक ओरखडा तेलासाठी नाली होतो. खोबण खोल असेल तर शाफ्ट बदला.

सील विकत घेताना सगळ्यांत जास्त फसगत होते. बेअरिंगच्या दुकानात जुनं सील दाखवलं की दुकानदार आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी बघून त्याच मापाचं ऑइल सील देतो. बसतंही तंतोतंत. पण साधं ऑइल सील अर्ध्या बारच्या आसपासच्या दाबासाठी असतं. हब, गिअरबॉक्स, क्रँक अशा ठिकाणचं. इथे ते पहिल्याच जोरदार वळणाला ओठ उलटा करून बाहेर येतं. स्टिअरिंगचं सील जाड ओठाचं, मागे आधाराची कडक रिंग असलेलं, दाबासाठी बनवलेलं असतं. बॉक्सवर रिव्हेट केलेली पट्टी डिझेलने पुसा, तिच्यावरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्या नंबरची पूर्ण किटच मागा. किटमधली आधाराची रिंग आणि सर्क्लिप 'जुनं चांगलं आहे' म्हणून बाजूला ठेवू नका.

बसवताना शाफ्टच्या दातांवर पातळ सेलोटेप किंवा पॉलिथिन गुंडाळा, नाहीतर दातांची धार नव्या ओठाला कापते आणि चूक कळते ती सगळं जोडल्यावर. ओठ तेलाच्या बाजूला, म्हणजे आत. ओठाला सिस्टिममधलंच तेल लावा, धुळीच्या ओठामागे थोडं ग्रीस. सीलच्या बाहेरच्या कडेवर बसेल अशा व्यासाचा पाइपचा तुकडा लेथवर सपाट करून घ्या आणि चौफेर सारखं ठोकत न्या. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते फिरवून बघा. खूण जुळवून आर्म चढवा, नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा, लॉक पट्टी वाकवा. इथे अंदाज चालत नाही. आर्म सुटला तर स्टिअरिंग हातात राहतं आणि चाकं आपल्या वाटेने जातात.

बॉक्सच्या बाजूच्या कव्हरवरचा ॲडजस्टिंग स्क्रू गळती थांबवायला किंवा प्ले (स्टिअरिंगचा ढिलेपणा) कमी करायला आवळू नका. त्याच्या चेकनटखालून ओल येत असेल तर चेकनटचं सील बदलायचं, आणि ते करताना स्क्रू जागचा हलता कामा नये.

हातासरशी डब्यातला रिटर्न फिल्टर बदला. तो चोंदला की परतीच्या तेलाला वाट मिळत नाही, मागचा दाब वाढतो आणि तो रिटर्नच्या बाजूच्या प्रत्येक सीलवर येतो. स्टिअरिंग कॉलमकडचं वरचं सील वारंवार जाणाऱ्या गाडीत पहिला संशय यावरच घ्यावा. दुसरा संशय ॲक्सलवरच्या स्टॉपर बोल्टांवर. चाक स्टॉपरला टेकण्याच्या दोन-तीन मिलिमीटर आधी बॉक्समधला लिमिटर वाल्व दाब सोडतो, अशी जुळणी असते. स्टॉपर पडलेला किंवा कोणी आत घुसवलेला असेल तर ही जुळणी बिघडते, ड्रायव्हर प्रत्येक वळणाला पूर्ण दाबाशी झुंजतो आणि तेल उकळल्यासारखं तापतं.

तेल कुठलं? मॅन्युअल सांगेल ते, आणि एकच. एटीएफ आणि इंजिन ऑइल मिसळायचं नाही. प्रमाण गाडीनुसार साधारण दोन ते पाच लिटर. उरलेलं टॉपअपसाठी गाडीत ठेवा. "थोडं ब्रेक ऑइल टाका, सील फुगून गळती थांबते," हा सल्ला देणारे भेटतात. फुगतं हे खरं. पण तेच ब्रेक ऑइल पंपापासून वाल्वपर्यंतचं प्रत्येक रबर फुगवून मऊ करतं, आणि नंतर एका सीलऐवजी सगळी सीलं बदलावी लागतात. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांचंही तत्त्व रबर फुगवण्याचंच. मालासकट घरी पोचायला ठीक, दुरुस्ती म्हणून नाही.

हवा काढताना घाई केली की केलेलं काम वाया जातं. पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन खाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावा. डबा भरा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग आठ-दहा वेळा हळूहळू टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि पातळी उतरेल तसं भरत राहा. मग इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची केबल ओढून ठेवून पाच-पाच सेकंद फक्त स्टार्टर मारा; डबा तळाला जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पंप हवा ओढतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पातळी स्थिर झाली की इंजिन आयडलवर चालू करा, रेस न देता सावकाश फिरवा. बॉक्सला ब्लीडर (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर बिनबुडबुड्याचं तेल येईपर्यंत तो उघडा ठेवा. शेवटी इंजिन बंद करून पातळी किती उसळते ते बघा. एक-दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर हवा निघाली.

गळती असूनही गाडी किती दिवस चालवायची, यावर भांडणं होतात. बॉक्सवर नुसता घामासारखा थर असेल आणि महिन्याला पातळी हलत नसेल तर पुसून लक्ष ठेवलं तरी चालतं. पण नाशिक–मुंबई एका फेरीत डबा वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येत असेल, तर मालाची कितीही घाई असली तरी गाडी निघता कामा नये. तेल संपल्यावर स्टिअरिंग तुटत नाही, चाकं यांत्रिकपणे जोडलेलीच राहतात. पण भरलेल्या ट्रकचं स्टिअरिंग घाटाच्या वळणावर अचानक दगडासारखं होतं, आणि कोरडा पंप थोड्याच वेळात जाम होतो.

दुरुस्तीनंतर पावडर पुन्हा झटका, आणि पहिली फेरी रिकामी, जवळची, नाशिकहून सिन्नरजवळच्या मोहदरी घाटापर्यंत जाऊन परत. आल्यावर ड्रॉप आर्मच्या नटाची लॉक पट्टी, दोन्ही बँजो आणि क्लिपा बघा, पातळी रेघेशी ताडा आणि रात्री पुठ्ठा टाकून ठेवा.